फिरकीचा तांब्या

अप्पांनी कापडी पिशवीतून आपला फिरकीचा तांब्या काढला आणि पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर, चकचकीत काट्याचमच्यांच्या शेजारी ठेवला. फेटा बांधलेला, हातात पांढरे मोजे घातलेला वाढपी काचेचा जग घेऊन वाकला होता. तो तसाच वाकलेला राहिला.

"आमचं पाणी फिल्टरचं आहे, साहेब."

"असेल की. हे आजऱ्याचं आहे," अप्पा म्हणाले आणि तांब्याचं फिरकीचं झाकण उघडू लागले.

ह्यांनी हसू लपवायला नॅपकिन तोंडाला लावला. मला हसू आलं नाही. माझा जीव अप्पांच्या समोरच्या निळ्या नक्षीच्या रिकाम्या ताटलीत अडकला होता. वडील तिच्यात वाढून घेतात, की पिशवीतून दशमीचं पुडकं काढतात, एवढंच मला बघायचं होतं.

"हे जेवण कुणाकडचं म्हणायचं?" अप्पांनी वाढप्याला विचारलं.

"हॉटेलचं, साहेब."

"म्हणजे जावईबापूंचं नाही."

"नाही हो, अप्पा," हे म्हणाले. "कारखान्यात पंचवीस वर्षं झाली म्हणून मंडळींनी तीन दिवस पाठवलंय. मीसुद्धा इथे पाहुणाच."

"मग वाढा," अप्पा म्हणाले.

वाढप्याने त्यांच्यापुढे सूप ठेवलं. अप्पांनी वास घेतला, "कढणच आहे हे," म्हणाले, आणि वाटी तोंडाला लावून पिऊन टाकलं. वर टांगलेल्या हंड्याझुंबरांचा उजेड त्यांच्या टकलावर हलत होता. लग्नानंतर चोवीस वर्षांत मी माझ्या वडिलांना आजऱ्याबाहेर दुसऱ्याने वाढलेलं जेवताना पाहिलं नव्हतं. मी बघतच राहिले. माझ्या ताटलीतलं सगळं गार झालं.

या गोष्टीला आता बावीस वर्षं होतील, पण ते सूप मला अजून दिसतं.

आमच्याकडे जुनी रीत होती. मुलीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीही नाही. बहुतेक घरांत ही रीत वर्ष-दोन वर्षं चालते, बारशाच्या दिवशी सुटते, आणि मग कुणाच्या लक्षातही राहत नाही. माझ्या घरी ती चालतच राहिली. आई आणि अप्पा दर वर्षी दिवाळी झाली की आजऱ्याहून यायचे, कारखान्याच्या कॉलनीतल्या आमच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसून आपली दशमी-चटणी सोडायचे, तांब्यातलं पाणी प्यायचे आणि पाचच्या एसटीने परत जायचे. मी फार आग्रह केला तर देवापुढची चिमूटभर साखर तळहातावर घ्यायचे. आई गेल्यावर अप्पा एकटे येऊ लागले, स्वतः केलेल्या दशम्या घेऊन. ते भूमापन खात्यात मोजणीदार होते. शेताची हद्द वीतभर सरकलेली त्यांना लांबून कळायची, पण दशमी कधी गोल जमली नाही. ती चावत ते कॉलनीतल्या झाडांकडे बघत बसायचे आणि निघताना म्हणायचे, "बघू पुढच्या वर्षी."

आईही तेच म्हणायची. ती गेली, माझ्या घरचं घोटभर पाणीही न पिता. अप्पा आता चौऱ्याहत्तरचे होते. माझ्या हातचं एकदा त्यांच्या पोटात जावं, एवढंच माझं मागणं उरलं होतं. कारखान्याने या हॉटेलचं, म्हणजे जुन्या कोठीचं, नाव काढलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की कोठी काही माझं घर नव्हे. ह्यांच्या मागे लागून मी अप्पांसाठी आणखी एक खोली मागून घेतली.

कोठी आंबोलीच्या अलीकडे, एका तळ्याच्या काठी होती. कुठल्याशा संस्थानिकांनी हिवाळ्यात राहायला बांधलेली. पुढे तिचं हॉटेल झालं, तरी जिन्याचा कठडा, रंगीत फरशा, भिंतभर उंचीचे आरसे, सगळं तसंच ठेवलेलं. आरसे इतके जुने, की त्यांत माणूस जरा धुरकटच दिसे. पलंगाला चार खांब आणि वर जाळीचं छत. पहिल्या रात्री मी त्या छताखाली पडले तेव्हा मला आपण पाण्याच्या तळाशी निजलोय असं वाटलं.

पहाटे उठून मी खिडकीतल्या कोनाड्यात दिवा लावला, पोथीचा अध्याय वाचला. माझे रोजचे नेम मी कुठेही गेले तरी चुकवत नाही. बाकीचे सगळे तिथे निभले. एकाचीच पंचाईत झाली. आधी कुणाला तरी आपल्या हाताने वाढायचं, मग आपण जेवायचं, असा माझा लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा नेम. पहिल्यांदा अप्पा व्हरांड्यात जेवून गेले त्या दिवशी धरलेला. घरी कुणी नसलं तर गाय असते, कावळा असतो. इथे सगळे मलाच वाढायला टपलेले. शेवटी मी वाढप्याच्या हातातून चमचा मागून घेतला आणि ह्यांच्या ताटलीत पोहे वाढले.

"बाईसाहेब, आमचं काही चुकलं का?" त्याने घाबरून विचारलं.

"तुमचं काही नाही," हे म्हणाले. "आमच्या घरी चमच्याचा मान हिच्याकडे असतो."

बुधवारी सकाळी तळं नव्हतंच. होतं ते नुसतं धुकं. पायऱ्या उतरत जाव्यात आणि शेवटची पायरी कुठे संपते ते कळू नये, असं. अप्पा काठीने अंदाज घेत नावेपर्यंत गेले. कोठीचा एक माणूस नाव वल्हवत होता. पाच-सात वल्ही मारल्यावर कोठी मागे विरघळून गेली आणि आम्ही दोघं, अप्पा आणि मी, कुठेच नव्हतो. पाण्याचा बारीक आवाज तेवढा यायचा.

"किती लांब असेल हो हे तळं?" मी विचारलं.

"काठ दिसत नाही तोवर मोजणी करायची नसते," अप्पा म्हणाले. "चुकते."

त्यांनी हात पाण्यात सोडला होता. मी लहान असताना हिरण्यकेशीवर ते मला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरायचे, ते मला आठवलं. मला वाटलं, धुकं असंच राहावं. धुक्यात मी कुणाची बायको नव्हते, कुणाची आई न झालेलीही नव्हते. अप्पांची कुमू होते.

"तुझ्या आईला आवडलं असतं," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "जेवण चांगलं असतं इथलं. पण रोज जेवण्यासारखं नाही."

"घरच्यासारखं नाही ना?"

अप्पा माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते. पण नावेचं टोक काठाला लागलं, आणि त्यांनी काठी शोधायला सुरुवात केली.

त्याच दुपारी मी कोठीच्या मागे गेले. मुदपाकखाना वेगळा होता, कौलारू, मोठ्या धुराड्याचा. ईश्वरा आचारी उंबऱ्यात बसून लसूण सोलत होते. वय साठीच्या पुढचं, मिशा पांढऱ्या. सगळे त्यांना ईश्वरामामा म्हणत.

"मामा, उद्या मार्गशीर्षातला गुरुवार आहे," मी म्हटलं. "माझा महालक्ष्मीचा उपास असतो. नैवेद्य माझ्या हाताने करते. एखादी शेगडी मिळेल का?"

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"गिऱ्हाइकाला आत घेत न्हाई आम्ही. म्यानेजर ओरडतोय."

"बरं," मी म्हटलं, आणि वळले.

"अवो, थांबा की. न्हाई म्हटल्यावर लगेच निघाला. चार शब्द भांडावं माणसानं." त्यांनी लसणाची सालं झटकली. "देवीचं हाय म्हणताय. मागच्या बाजूला सोप्यातली चूल हाय, तिथं मास-मच्छी शिजत न्हाई. सकाळी सारवून ठेवतो. पर माझ्या सुऱ्या हलवायच्या न्हाईत."

"नाही हलवणार."

"आणि किती जणांचं करणार?"

मी त्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. ओळखीच्या बायकांनाही मी कधी सांगितलं नव्हतं. लसूण सोलता सोलता त्यांनी ते ऐकून घेतलं.

"एवढंच न्हवं?" ते म्हणाले. "तुम्ही करा. मी माझ्या पोरांच्या हातनं ताट वर पाठवतो. हाटेलचं जेवाण म्हणून. म्हातारबाबाला कोण सांगायला जातंय?"

मी ह्यांना सांगितलं तेव्हा हेही तेच म्हणाले. "त्यात खोटं काय आहे? चूल हॉटेलची, तांदूळ हॉटेलचे, विस्तव हॉटेलचा. हात तेवढे तुझे. हातांचा उल्लेख करायचा नाही, झालं."

"देवीच्या दिवशी?"

"देवीला मी समजावतो," हे म्हणाले. ह्यांचं असंच. डॉक्टरांच्या दारातून मोकळ्या हाताने परत यायचो तेव्हाही, रिक्षात बसल्यावर काहीतरी बोलून मला हसवल्याशिवाय ह्यांनी कधी घर गाठू दिलं नाही.

गुरुवारी सकाळी खोलीत पाटावर कलश मांडला. माळ्याने पाच झाडांचे डहाळे आणून दिले, कुठूनसं एक कमळ. अप्पा दारात उभं राहून नमस्कार करून गेले. दुपारी मी सोप्यातल्या चुलीपाशी बसले ती उन्हं उतरेपर्यंत. वरणभात, मटारची उसळ, भोपळ्याचे घारगे, गव्हल्यांची खीर. ईश्वरामामा मधूनमधून येऊन लांबून बघत आणि जात. एकदा म्हणाले, "घारगं जरा जाड झालं," आणि मी नुसतं पाहिल्यावर, "न्हाई, असू देत, म्हाताऱ्या माणसाला बरं," म्हणून निघून गेले.

दिवेलागणीला नैवेद्य दाखवला. तळ्यावरच्या सज्ज्यात आमच्या तिघांची पानं मांडली होती. कोठीतले जुने पितळी समया-दिवे ईश्वरामामांनी आपणहून काढून दिले होते. खाली पाण्यावर पुन्हा धुकं धरू लागलं होतं आणि दिव्यांच्या ज्योती त्यात लोंबल्यासारख्या दिसत होत्या. फेटेवाल्या वाढप्याने अप्पांच्या पुढ्यात ताट ठेवलं. पांढराशुभ्र भात, वर पिवळं वरण, डावीकडे लिंबाची फोड. तुपाची वाटी घेऊन मी दारात उभी राहिले.

"आज आपल्यासारखं केलंय की," अप्पा म्हणाले. "छान. कोणी केलं रे?"

वाढप्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "ईश्वरामामांनी, साहेब."

अप्पांनी तळहातावर पाणी घेतलं, ताटाभोवती फिरवलं. भाताची चार शितं बाजूला काढून ठेवली. पुटपुटून हात जोडले. मग उजव्या हाताने भात कालवून घास उचलला.

एवढ्यासाठी मी चोवीस वर्षं थांबले होते. घास तोंडापासून वीतभर लांब होता. मी गप्प बसले असते तर तो आत गेला असता, आणि माझं मागणं फिटलं असतं. पण मला वाटलं, ज्याला खायचं नाही त्याला न सांगता भरवणं म्हणजे काही वाढणं नव्हे.

"अप्पा, थांबा," मी म्हटलं. "ईश्वरामामांनी नाही. हे सगळं मी केलंय."

घास हातातच राहिला. ह्यांनी डोळे मिटून घेतले. वाढपी हळूच मागे सरला आणि दाराआड गेला.

अप्पांनी घास परत ताटात ठेवला. रागावले नाहीत. तळ्याकडे बघत बसले. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं पांढरं होतं.

"कुमू, तू आता किती वर्षांची?"

"सेहेचाळीस."

"सेहेचाळीस," ते म्हणाले. जणू मोजणीचा आकडा तपासून बघत होते. "आम्ही तुझ्याकडे का जेवत नव्हतो, माहीत आहे तुला?"

"रीत आहे म्हणून."

"रीत कोण पाळतंय एवढी? तुझ्या मावशीने आठव्या वर्षीच सोडली. पोरगी रडली म्हणून जेवून आली लेकीकडे." त्यांनी खरकटा हात ताटावर तसाच धरला होता. "तुझ्या आईने धरून ठेवलं. ती म्हणायची, आपण कुमूकडे जेवलो की झालं. देवाला वाटेल, यांचं मागणं संपलं, यांना एवढ्यात पुरे झालं. आपण हात आखडून बसलो तर त्याच्या लक्षात राहील, की यांचं अजून द्यायचं बाकी आहे. दर वर्षी एसटीत बसली की म्हणायची, बघू पुढच्या वर्षी. ती गेली. मग मी म्हणत राहिलो."

माझ्या तोंडून शब्द भलताच निघाला.

"मला वाटायचं, तुम्ही मला दोष देता."

अप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं.

"दोष? दर वर्षी तुझ्या दारात वाळकी दशमी चावत बसलो, ती दोष द्यायला? दोष द्यायला पोस्टकार्ड पुरतं की गं."

हे हसले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. उगीचच खूप वेळ पुसत राहिले.

"आता तूच सांग," अप्पा म्हणाले. आवाज खाली आला होता. "मी हा घास घेतला, की माझ्याकडून मागणं संपलं. तुझ्या वतीने मी परस्पर कसं संपवू? तू म्हणशील तर मी ताटाला नमस्कार करून उठतो. पुढच्या वर्षी दशमी घेऊन येतो. जमेल तोवर येतो."

खाली पाण्यात कुठेतरी मासा उडाल्याचा आवाज झाला. मग काही नाही. मी मान वळवली. आतल्या आरशात सज्ज्याचं दार दिसत होतं, आणि दारात एक प्रौढ बाई, हातात तुपाची वाटी घेतलेली, धुरकट. मी तिच्याकडे पाहिलं. तिचं मागणं संपून बरीच वर्षं झाली होती. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

मी पुढे झाले आणि अप्पांच्या भातावर तूप वाढलं.

"गार होतंय, अप्पा," मी म्हटलं.

त्यांनी एकदा डोळे मिटले. आईला काहीतरी सांगितलं असावं. मग मघाचाच घास उचलला आणि जेवू लागले. सावकाश, एकेक घास पुरता चावून. वरणभात संपला. मी पुन्हा वाढला. तोही संपला.

"अप्पा, घारगे घ्या," हे म्हणाले. "नाहीतर मी एकही ठेवणार नाही."

"तुम्ही चोवीस वर्षं खाताय, जावईबापू. जरा सरका."

त्यांचं होत आल्यावर मी बसले. माझा नेम झाला होता. दिवसभराचा उपास सोडायला पहिला घास तोंडात घातला आणि तिथेच थांबले. वरणात मीठ नव्हतं. कणभरही नव्हतं. नैवेद्याचं चाखायचं नसतं, आणि चुलीपाशी माझं चित्त कुठे होतं ते देवीलाच माहीत. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली मान घालून खीर खात होते.

"अप्पा," मी म्हटलं, "मीठ घालायचं राहिलं हो. तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला काय माहीत?" अप्पा खिरीची वाटी पुसून घेत म्हणाले. "मला वाटलं, तुमच्याकडे असंच करतात. पहिल्यांदाच जेवतोय ना मी."

दाराआडून ईश्वरामामांचा खोकला ऐकू आला. मग त्यांचा हात दिसला, मिठाची वाटी धरलेला.

शुक्रवारी सकाळी निघालो तेव्हाही तळं दिसत नव्हतं. कारखान्याच्या जीपमध्ये अप्पा पुढे बसले, पिशवी मांडीवर घेऊन. वाटेत कुणी फार बोललं नाही. ऊन वर आल्यावर धुकं कधी मागे राहिलं ते कळलं नाही. एसटी पाचची होती, म्हणून दुपारी आधी आमच्या घरी आलो.

मी कुलूप काढलं. सवयीने व्हरांड्यात सतरंजी अंथरली आणि आत जाऊन देवापुढचं निर्माल्य आवरायला घेतलं. चोवीस वर्षांत मी शिकले होते. इतर कुणी दारात आलं की माझे पाय आपोआप माठाकडे वळायचे. अप्पा आले की वळायचे नाहीत.

बाहेरून चपला काढल्याचा आवाज आला. मग पावलं व्हरांड्यात थांबली नाहीत. अप्पा आत आले, बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि काठी भिंतीला टेकवली. तांब्याची पिशवी बाहेर सतरंजीवरच होती.

"काय गं," ते म्हणाले, "उन्हातून आलेल्या माणसाला पाणी विचारायची पद्धत नाही वाटतं या घरात?"

मी माठातून पेला भरला. तो अप्पांच्या पुढे धरला. अप्पांनी पेला घेतला, वर धरून एका दमात संपवला, मिशा पुसल्या.

"गोड आहे तुमच्याकडचं पाणी," ते म्हणाले. "आण अजून."